पुठ्ठ्याचा कारखाना

इतिहास लिहिणारास एक सोय असते. एखाद्या गोष्टीविषयीं पुरावा हातीं लागला नाहीं, म्हणजे 'याविषयीं निश्चित माहिती मिळत नाहीं' एवढें एक वाक्य लिहून तो पुढच्या परिच्छेदाकडे वळूं शकतो, आणि वाचकही त्यास संयमी म्हणून मान देतात. याहून मोठी सोय अशी कीं, त्या वाक्यावांचूनही त्याचें निभावतें. जें ठाऊक नाहीं त्याचा उल्लेखच केला नाहीं, तर तें ठाऊक नाहीं हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. पंचवीस-तीस वर्षें इतिहास शिकवीत असतां आम्हीं या दोन्ही सोयींचा यथेच्छ उपयोग केला आहे. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटींत मुलुंडास आमच्या पुतण्याच्या टेबलाशीं बसून पुठ्ठा कापीत असतां त्या दोन्ही एकदम नाहींशा झाल्या. भिंतीच्या जागीं भिंत पाहिजे होती. खिडक्या पांच कीं सहा, हें ठरल्यावांचून कातर पुढें चालेना. त्या कामानें आम्हांस आमच्याच धंद्याविषयीं जें शिकविलें, तें वाचकांपुढें मांडावें, म्हणून हा लेख.

हा पुतण्या पंधरा वर्षांचा आहे. त्यानें आपल्या खोलींत सात फूट लांब व चार फूट रुंद अशा फळीवर विजेवर चालणारी एक लहान आगगाडी मांडली आहे. रूळ विकतचे, इंजिन वाढदिवसाला मिळालेलें; स्टेशन, फलाट व पूल मात्र त्याच्या स्वतःच्या हातचे. कांहीं महिने गाडी गोल फिरत राहिली. मग एके दिवशीं तो म्हणाला, "काका, ही गाडी घाण्याच्या बैलासारखी फिरते. हिला कुठं जायचंच नाहीये." हें म्हणणें आम्हांस मोठें मार्मिक वाटलें. कारखाना आला कीं सायडिंग येतें. सायडिंग आलें कीं सांधा येतो, आणि सांध्यामागोमाग सांधेवाला. मग वाघिणीला कोठें तरी जावयाचें असतें, कांहीं तरी उतरावयाचें असतें, रिकामें होऊन परत यावयाचें असतें. गाडीला प्रयोजन मिळतें. परदेशांतील हौशी मंडळी अशा मांडणींत कारखान्याच्या प्रतिकृतीला एवढें महत्त्व देतात, तें याचसाठीं. आमच्या पुतण्यानें कारखानाही निवडून ठेवला होता. रुळांच्या कडेचा जो कारखाना आम्ही कॉलेजांत जातां-येतां रोज पाहत असूं आणि ज्याच्या गोष्टी त्याला आम्हींच सांगितल्या होत्या, तोच त्याला पाहिजे होता.

या हौशीस कोणी पोरखेळ म्हणतील. पण ज्या प्रांतांत दर दिवाळीस अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात आणि गणपतीपुढें घरोघर देखावे मांडले जातात, त्या प्रांतास हा खेळ परका नव्हे. मुंबईंत भायखळ्याचें जुनें वस्तुसंग्रहालय १८७२ सालीं लोकांस खुलें झालें. १९७५ पासून त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे. तेथें नाना धंद्यांतील माणसांच्या मातीच्या लहान मूर्ति व देखावे मांडलेले आहेत, आणि कित्येक बुडालेले धंदे आज तेवढ्याच रूपानें डोळ्यांस दिसतात. पुण्यास कोथरूडांत भाऊसाहेब जोशी यांचें लहान आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालीं सुरू झालें. तें पाहून परतलेल्या मुलांनीं किती घरांतील जेवणाचीं टेबलें अडविलीं असतील, तें त्यांच्या मातांसच ठाऊक. युरोपांत जर्मनीच्या मार्कलिन कंपनीनें १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत खेळण्यांच्या रुळांचीं ठराविक मापें मांडलीं, आणि इंग्लंडांत फ्रँक हॉर्नबी यांच्या आगगाड्या १९२० सालीं बाजारांत आल्या. तेव्हांपासून खेळणें आणि प्रतिकृति यांच्या वाटा हळूहळू वेगळ्या होत गेल्या.

दोहोंत भेद कोणता? खेळण्यास साम्य पुरतें. प्रतिकृतीस प्रमाण लागतें. आणि येथें आपल्या भाषेनें एक मौज करून ठेविली आहे. 'प्रमाण' म्हणजे माप, आणि 'प्रमाण' म्हणजे पुरावाही. नैयायिकांनीं ज्ञानाचीं जीं चार साधनें सांगितलीं, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द, त्यांनाही ते प्रमाणेंच म्हणतात. हे दोन अर्थ एका शब्दांत कां नांदतात, तें आम्हांस पुठ्ठा कापूं लागेपर्यंत कळलें नव्हतें. इंचाचें माप लिहावयाचें, तर तें कशावरून, हा प्रश्न पाठोपाठ येतोच.

पहिली अडचण रुळांपासूनच सुरू झाली. बाजारांत सर्वत्र मिळणाऱ्या लहान रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर असतें. युरोपांतील चार फूट साडेआठ इंची मार्ग सत्त्याऐंशीपट लहान केला म्हणजे हें माप येतें. या हिशेबानें एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. पण आपला मोठा मार्ग साडेपांच फुटांचा, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाएवढा रुंद! लॉर्ड डलहौसी यांचा कल सहा फुटांकडे होता. सल्लागार एंजिनियर सिम्स यांनीं साडेपांच सुचविले आणि तेच कायम झाले. त्या निर्णयाचा हिशेब आज मुलुंडच्या एका मुलास द्यावा लागतो. सत्त्याऐंशीपट लहान केलेला आपला मार्ग सव्वाएकोणीस मिलिमीटर भरतो. म्हणजे त्याची गाडी पावणेतीन मिलिमीटर अरुंद रुळांवर धांवते. इंग्रज हौशी लोकांचीही कथा निराळी नाहीं. लहान इंग्रजी इंजिनाच्या पोटांत त्या काळची मोटार मावेना, म्हणून त्यांनीं इंजिन थोडें मोठें केलें आणि रूळ तेच ठेविले. त्यामुळें त्यांचा चार फूट साडेआठ इंचांचा मार्ग टेबलावर चार फूट दीड इंचाचा होतो. ही तडजोड ते पिढ्यान्‌पिढ्या चालवीत आहेत. आमच्या पुतण्यानेंही ती पत्करली. पण फळीच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवून तीवर लिहिलें : 'रूळ अरुंद आहेत. कारखाना बरोबर आहे.' या दुसऱ्या वाक्यानें आम्हांस पुढें बरेंच छळलें.

आतां स्थळाविषयीं थोडें. घाटकोपर ते मुलुंड हा साष्टी बेटाचा पूर्वेकडील पट्टा. मुंबई सरकारचे चीफ एंजिनियर जॉर्ज क्लार्क १८४३ सालीं भांडुपास आले असतां मुंबईहून ठाणें व पुढें घाटापर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना त्यांस सुचली, असें सांगतात. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पहिली उतारूंची गाडी याच पट्ट्यांतून गेली. त्या एकवीस मैलांच्या प्रवासांत कुर्ल्यापलीकडे उतारूंस मुख्यतः भातखाचरें, खाजण व डोंगर दिसले असतील. कुर्ल्यास कापडाची गिरणी पुढें आली. जमशेटजी टाटा यांनीं १८८६ सालीं ती विकत घेऊन तिला 'स्वदेशी' हें नांव दिलें. त्याच्या पुढच्या गांवांत मोठ्या कारखान्यांची दाटी झाली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. गोदरेज यांनीं विक्रोळीस जमीन घेतली ती १९४३ सालीं. मुलुंड बृहन्मुंबईंत आलें तें १९५७ सालीं. एका बाजूस लोहमार्ग, दुसऱ्या बाजूस आग्रा रोड, आणि मधल्या जागेंत औषधांचे, रंगांचे, यंत्रांचे कारखाने, असा तो देखावा आमच्या पिढीनें पाहिला आहे. मग माल ट्रकांनीं जाऊं लागला, सायडिंगांवर गवत वाढलें, जमिनीचा भाव कारखान्याच्या उत्पन्नाहून जड झाला, आणि एकामागून एक भोंगे बंद पडले. पश्चिमेकडे अंधेरीच्या अलीकडे पार्ल्यांतील बिस्किटांचा प्रसिद्ध कारखाना २०१६ सालीं बंद झाला, तेव्हां गाडींतल्या उतारूंस पहिली आठवण झाली ती भाजणाऱ्या बिस्किटांच्या वासाची. वास कोणत्याही प्रतिकृतींत धरतां येत नाहीं. आकार मात्र धरतां येतो, पण तो वेळींच धरला तर.

आमच्या कारखान्याचा आकार कोणीं धरला नव्हता. भांडुप व मुलुंड यांच्या दरम्यानची ती यंत्रांचे सुटे भाग करणारी शाळा (कारागीर तिला शाळाच म्हणत) पाडून तेथें उंच इमारती झाल्या, त्यास बरींच वर्षें झालीं. नकाशा मिळाला नाहीं. मिळालें तें एक छायाचित्र. १९८१ सालीं आमच्या भगिनीच्या लग्नास आलेल्या पाहुण्यांना गच्चीवर उभें करून कोणीं तें घेतलें होतें. पाहुण्यांच्या फेट्यांमागें रूळ, रुळांमागें कारखान्याची विटांची भिंत, आणि भिंतीवर करवतीच्या दात्यांसारखें छप्पर. घरांतील कोणीही त्या चित्रांत आजवर मामांच्या फेट्यापलीकडे पाहिलें नव्हतें.

त्या चित्रावरून मापें कशीं काढलीं, तें सांगण्यासारखें आहे. वीट साधारणतः तीन इंची थराची, चुनासिमेंट धरून. चित्र मोठें करून पुतण्यानें थर मोजले. छपराच्या खालच्या कडेपर्यंत चौसष्ट भरले. म्हणजे भिंत सोळा फूट, आणि पुठ्ठ्यावर छप्पन्न मिलिमीटर. पुढें दिसणाऱ्या रुळांमधील अंतर तर ठरलेलेंच, साडेपांच फूट. त्यावरून तोच हिशेब पडताळून पाहिला. छपराचे दाते पांच. प्रत्येक वीस फुटांचा धरला तर भिंत शंभर फुटांची, म्हणजे टेबलावर पस्तीस सेंटिमीटर. छपराची दिशा विचार करून ठरली. अशा छपराच्या उभ्या अंगास कांचा असतात व त्या उत्तरेकडे तोंड करून असतात, कारण आपल्याकडे उत्तरेचा उजेड सौम्य व सारखा येतो आणि कारागिराच्या डोळ्यांवर ऊन येत नाहीं. पुतण्यानें प्रथम कांचा पाहणाराच्या समोर येतील असें छप्पर बसविलें होतें. तें दिसेही सुंदर. पण या भागांत लोहमार्ग बहुतांशीं दक्षिणोत्तर जातो. तेव्हां कांचा उत्तरेस असतील, तर गाडींतून त्या समोर दिसावयाच्या नाहींत. दिसावयाचे ते करवतीचे दाते. आणि आम्हांस आठवत होते तेही दातेच! सुंदर छप्पर काढून पुन्हा बसविलें. पन्हळी पत्र्यांचें काम पुतण्याच्या आजीनें सोडविलें. पत्र्याची एक पन्हळ सुमारें तीन इंचांची, म्हणजे सत्त्याऐंशीपट लहान केल्यावर एक मिलिमीटरहूनही कमी. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा तिच्यापुढें डोंगरासारखा. आजीनें आपली बारीक दात्यांची जुनी फणी पुढें केली. पोळ्या गुंडाळण्याचा पातळ चंदेरी कागद तीवर ठेवून नखानें घासला, आणि पत्रे तयार झाले. भिंतींस लग्नपत्रिकांचे जाड कागद उपयोगीं पडले.

सर्वांत शेवटीं धुराडें केलें. तें आमचें विशेष आवडतें. कारखान्यामागून वर गेलेलें, निमुळतें, तांबड्या विटांचें तें धुराडें आम्हांस स्वच्छ आठवत होतें. इतकेंच नव्हे, तर कांहीं वर्षांपूर्वीं एका गृहनिर्माण संस्थेच्या स्मरणिकेसाठीं उपनगराच्या जुन्या काळाविषयीं लिहितांना आम्हीं त्या धुराड्याचें सविस्तर वर्णन केलें होतें. संध्याकाळच्या आकाशावर त्याच्या धुराची रेघ कशी उमटे, तें वाचून पुष्कळांनीं आम्हांस पत्रें पाठविलीं होतीं. छायाचित्रांतही छपराच्या वर त्याचें टोंक दिसत होतें. आठवण आणि चित्र, दोघांची साक्ष एक. मग संशयास जागा कोठें? ऐंशी फुटांचें, म्हणजे अठ्ठावीस सेंटिमीटरचें धुराडें आम्हीं स्वतः गुंडाळून, विटा रेखून उभें केलें.

भांडुपांत एका चाळींत एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांनीं त्या कारखान्यांत छत्तीस वर्षें फिटर म्हणून काम केलें. पुतण्याच्या मित्रानें ओळख करून दिली आणि आम्हीं त्यांस पाहण्यास बोलाविलें. ते आले, चष्मा पुसून टेबलाशीं वांकले, आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग छपरावर बोट न लावतां बोट फिरवून म्हणाले, "दाते बरोबर आहेत. हा चौथा पावसाळ्यांत गळायचा." मग धुराड्याकडे पाहून म्हणाले, "हें काय?"

आम्हीं सांगितलें. ते हंसले. "सर, आमच्याकडे धूर काढायला होतं काय? सगळीं यंत्रं मोटरवर. तें धुराडं मागच्या कारखान्याचं. त्यांच्याकडे बॉयलर होता. मधे रस्ता होता, नाला होता. गाडींतनं बघितलं कीं दोन्ही एकच वाटायचं."

वाचकहो, ही गोष्ट आम्हांस कोणीं सांगावयास नको होती. गिरण्यांचीं धुराडीं कां होतीं, हें आम्ही दरवर्षीं वर्गांत शिकवितों. एकोणिसाव्या शतकांतील गिरणी वाफेवर चाले, वाफेस बॉयलर लागे, बॉयलरास कोळसा, आणि कोळशास धुराडें. १९१५ सालीं टाटांच्या खोपोलीच्या केंद्रांतून पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. भिवपुरी व भिरा येथील केंद्रें त्यापाठोपाठ झालीं. १९२५ सालीं बोरीबंदर ते कुर्लें गाडीही विजेवर धांवूं लागली. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनीं उभ्या राहिलेल्या यंत्रांच्या कारखान्यास चाक फिरविण्यासाठीं धुराड्याची गरज काय? रंग शिजविणारास, कापड रंगविणारास वाफ लागते. लोखंड कातणारास लागत नाहीं. हें सारें ठाऊक असूनही आम्हीं धुराडें लिहिलें, कारण कारखाना म्हटला कीं धुराडें, ही समजूत आमच्या मनांत पुराव्याच्या आधीं येऊन बसली होती. चित्रानें तिला दुजोरा दिला, कारण चित्रांत पुढचें-मागचें सपाट होतें. आणि आमच्या लेखाच्या एकाही वाचकानें विचारलें नाहीं, कारण त्यांनाही तें आवडलें होतें. कागदावरचें धुराडें कित्येक वर्षें उभें राहिलें. पुठ्ठ्याचें एका संध्याकाळीं पडलें.

मग आम्ही सर्व काम पहिल्यापासून तपासूं लागलों. प्रत्येक भागास विचारलें, तुझें प्रमाण काय? पांच दाते व दर्शनी भिंत यांस प्रत्यक्ष, म्हणजे छायाचित्र. उंचीस अनुमान, विटांच्या थरांवरून. कांचांच्या चौकटींस उपमान, कारण तशाच एका उभ्या असलेल्या शेडच्या चौकटी पाहून त्या केल्या होत्या. माल उतरविण्याचा ओटा, फाटक व सायडिंगाचें वळण यांस शब्द, म्हणजे त्या गृहस्थांची साक्ष. हे चार शब्द पुतण्यानें प्रत्येक भागाच्या मागें पेन्सिलीनें लिहून ठेविले. साक्षीदार आप्त असला तरी त्याचीही परीक्षा करावी लागते. ते म्हणाले, दर्शनी भिंतीस खिडक्या सहा. चित्रांत पांचच दिसतात. कितीही मोठें करून पाहिलें तरी सहावी सांपडली नाहीं. आम्हीं पांच ठेविल्या आणि त्यांचें म्हणणें भिंतीमागें लिहिलें.

राहिली मागची भिंत. तिचें कोणतेंही प्रमाण नव्हतें. ते गृहस्थ म्हणाले, "तिकडे स्टोअर होतं. आम्हांला जायला बंदी." पुतण्या म्हणाला, "काका, मागून कोण बघतंय? चार खिडक्या काढून टाकूं?" आम्हीं त्यास नको म्हटलें. त्या भिंतीस विटा रेखल्या नाहींत, रंग दिला नाहीं. तो पुठ्ठा पुठ्ठाच राहूं दिला आहे. पाहणारे येतात आणि काम अर्धवट राहिलें असें समजून मान हलवितात. आमच्या मतें त्या कारखान्याचा सर्वांत नीट पारखून घेतलेला भाग तोच आहे. येथें आमचें ज्ञान संपतें, हें तो कोणाच्याही पुढें लपवीत नाहीं. आम्हीं आजवर लिहिलेल्या पुस्तकांत अशी एकही भिंत नाहीं, आणि तें त्या पुस्तकांचें भूषण होय असें आतां आम्हांस वाटत नाहीं.

ते गृहस्थ पुढें आणखी दोनदां आले. दुसऱ्या खेपेस ते म्हणाले, "सगळं आहे, पण पाळी सुटलेली दिसत नाहीं." म्हणजे माणसें नव्हतीं. तेव्हां पुतण्यानें दोन-दोन सेंटिमीटरांचीं माणसें केलीं, आणि फाटकापाशीं ती कशीं उभीं राहत, डबे कोणत्या हातांत धरीत, चहावाला कोणत्या बाजूस बसे, तें सांगतां सांगतां त्यांनीं दोन तासांत आम्हांस जें दिलें, तें कोणत्याही दप्तरांत नाहीं. फाटकाच्या डाव्या बाजूस एक मनुष्य एकटा उभा आहे. तो कोण, हें त्यांनीं सांगितलें नाहीं व आम्हींही विचारलें नाहीं. त्यांनीं तो स्वतःच्या हातानें तेथें ठेविला.

या लेखाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घराजवळ अजून एखादी जुनी शेड, एखादें मोडकें सायडिंग, एखादें बंद फाटक असेल. तें वांचवा, असें सांगण्याइतके आम्ही भोळे नाहीं. तें तुमच्या-आमच्या हातचें नसतें. पण हिरवे पडदे लागण्यापूर्वीं एखाद्या रविवारीं मुलांस घेऊन तेथवर जावें. आंत जाण्याची परवानगी मिळाली तर उत्तम. न मिळाली तर रस्त्यावरून विटांचे थर मोजावेत, उत्तर कोणती तें लिहून ठेवावें, पुढून एक आणि जमल्यास मागूनही एक छायाचित्र घ्यावें. आणि जवळच्या चाळींत जाऊन येथें काम केलेलें कोणी आहे काय, हें विचारावें. त्यांची वयें ऐंशीच्या घरांत गेलीं आहेत, त्यामुळें हें काम पुढच्या वर्षावर टाकतां येण्यासारखें नाहीं.

आमच्या स्मरणिकेंतील त्या लेखाची दुरुस्ती आम्हीं त्या संस्थेस लिहून पाठविली आहे. पुठ्ठ्याचें धुराडें पुतण्यानें टाकून दिलें नाहीं. तें आमच्या लिहिण्याच्या मेजावर आणून ठेविलें आहे, आणि हा लेख लिहितांना तें समोरच आहे.